क्यूजीआयएस: एलटीआर घ्यावी की ताजी आवृत्ती?

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेलं की एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या समोर येतात. त्यातली नेमकी कुठली घ्यायची, हे माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात. नागपुरात हा प्रश्न निघणं साहजिकच आहे. उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं केंद्र एमआरसॅक इथे, अमरावती रोडवर मातीचं सर्वेक्षण करणारी एनबीएसएस इथे, वनखात्याचं मुख्यालय इथे; नकाशाचं काम या शहरात कुणाला ना कुणाला रोज लागतं. मी ताजी आवृत्ती आणि एलटीआर (लाँग टर्म रिलीज, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) या दोन्हींवर काम केलंय आणि माझा कल आता ठरलेला आहे. तुमचं काम वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

आधी तिसरी, म्हणजे डेव्हलपमेंट आवृत्ती, बाजूला काढू. ती ओळखायला क्रमांकातला मधला आकडा बघा, जसा ३.३४.६ मध्ये ३४. ३.३४, ३.४० असा सम असेल तर ती वापरासाठी जाहीर झालेली आवृत्ती. ३.३५, ३.४१ असा विषम असेल तर ती अजून घडते आहे. ३.० येण्याआधी जे घडत होतं त्यालाही २.९९ म्हणत. जाहीर आवृत्तीला गावाचं नाव मिळतं: ३.२८ ला फिरेंझे, ३.३४ ला प्रिझरेन, ३.४० ला ब्रातिस्लाव्हा. डेव्हलपमेंट आवृत्तीवर त्या जागी ‘मास्टर’ दिसतं. विंडोजवर ओएसजिओफोरडब्ल्यू इन्स्टॉलर वापरत असाल तर पॅकेजच्या नावाचं शेपूट वाचा. ‘क्यूजीआयएस-एलटीआर’ ही स्थिर आवृत्ती. ‘क्यूजीआयएस-एलटीआर-डेव्ह’ ही तिच्या पुढच्या दुरुस्तीची रोज बांधली जाणारी कच्ची प्रत. मध्ये एलटीआर आहे एवढं बघून माणूस तीच निवडतो. नावात डेव्ह आलं की कामाच्या मशीनवर ती नको. चुका शोधून कळवायच्या असतील तर जरूर घ्या, तशा माणसांची गरज आहेच.

सम-विषमाचा हा नियम दुसऱ्या सॉफ्टवेअरला मात्र लावू नका. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची ३.३ ही दीर्घकाळ सांभाळली गेलेली आवृत्ती होती.

खरी निवड उरते ती ताजी आवृत्ती आणि एलटीआर यांच्यात. ताजी दर चार महिन्यांनी येते, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये. एलटीआर वर्षातून एकदा ठरते, आणि ती वेगळी लिहिलेली नसते. ३.४० पर्यंत ऑक्टोबरमध्ये ताजी म्हणून आलेली आवृत्ती चार महिने लोकांच्या हाताखालून जायची, तिच्यात दर महिन्याच्या दुरुस्त्या पडायच्या आणि फेब्रुवारीत तीच एलटीआर व्हायची. म्हणून क्रमांकातला शेवटचा आकडाही वाचायची सवय लावा. शेवटी शून्य म्हणजे आवृत्ती नुकतीच बाहेर पडली आहे. तिथे सहा-सात दिसत असेल तर तेवढ्या वेळा तिची डागडुजी झालेली आहे. मी स्वतः शेवटी शून्य असलेली आवृत्ती कामाला लावत नाही, मग ती कितीही आकर्षक असो.

ताज्या आवृत्तीची बाजू कमकुवत नाही. पॉइंट क्लाउड, म्हणजे लेझर मोजणीतून मिळणारे असंख्य बिंदू, उघडण्याची सोय फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.१८ बरोबर आली. एलटीआरवाल्यांना ती ३.२२ एलटीआर झाल्यावर, वर्षभराने मिळाली. उंचीचा छेद काढायचं साधन जून २०२२ मध्ये ३.२६ मध्ये आलं, एलटीआरमध्ये ते फेब्रुवारी २०२३ ला पोचलं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठची वस्ती पाण्यात गेली, त्यानंतर मी तिथले उतार बघत होतो तेव्हा हे साधन एलटीआरमध्ये होतं. तेच काम वर्षभर आधी आलं असतं तर मी ताजी आवृत्ती घेतली असती, दुसरा विचार केला नसता.

मला एलटीआरकडे नेलं ते फाईलच्या येरझारांनी. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांचं काम घ्या. बागेच्या हद्दी एक मुलगा शेतावर जाऊन आखतो, रंग-लेबलं आणि छपाईचा लेआउट मी करतो, मग ती फाईल ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्या कार्यालयात जाते. तिथे कुणीतरी गावाचं नाव दुरुस्त करतं, सेव्ह करतं आणि परत पाठवतं. तीन मशीन, तीन आवृत्त्या. माझ्या ताज्या आवृत्तीत लेबलला नवी सोय वापरलेली असते. तिकडच्या जुन्या आवृत्तीला ती कळतच नाही. वर एखादी पिवळी पट्टी येते, ती कुणी वाचत नाही. नकाशा उघडतो, रंग दिसतात, म्हणून शंका येत नाही. पण सेव्ह झाल्यावर ती सेटिंग फाईलमधूनच गेलेली असते आणि माझ्याकडे परत येते ती तिच्याशिवाय. जिओपॅकेज या माहितीच्या वेगळ्या फाईलमधल्या हद्दी शाबूत असतात, नुकसान होतं ते मांडणीचं. आणि छापून हातात पडणारा नकाशा म्हणजे मांडणीच असते. कुठे काय गळलं हे शोधण्यात माझ्या संध्याकाळी जायच्या.

तिकडची आवृत्ती बदलून घ्या म्हणावं तर कार्यालयातल्या मशीनवर काहीही टाकायला परवानगी लागते. त्यांचीही चूक नाही. दर चार महिन्यांनी ही विनवणी करणं शक्य नाही, वर्षातून एकदा जमतं. एलटीआर घेतल्यापासून मी काम सुरू करतानाच सगळ्यांना क्रमांक कळवतो आणि वर्षभर सगळे त्याच आवृत्तीवर राहतात. शेवटचा आकडा मागेपुढे झाला तरी चालतो, कारण त्यात फक्त दुरुस्त्या असतात.

प्लगइनच्या, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या साधनांच्या, बाबतीतही माझा अनुभव एलटीआरच्या बाजूने आहे, पण तुम्ही कुठली प्लगइन वापरता त्यावर ते अवलंबून. क्यूजीआयएस ४ ची बांधणी क्यूटी ६ या नव्या सॉफ्टवेअर-सांगाड्यावर आहे, त्यामुळे अनेक जुन्या प्लगइनना दुरुस्ती लागते. रोजचं काम एखाद्या प्लगइनवर अडत असेल तर तिची सुधारित प्रत आल्याशिवाय घाई करू नये, असं मला वाटतं.

एकट्याने काम करणारे, प्रबंधासाठी लायडार (लेझरने केलेली मोजणी) हाताळणारे, किंवा नुसतं शिकणारे यांना मी ताज्या आवृत्तीपासून परावृत्त करणार नाही. फाईल तुमच्याच मशीनवर राहणार असेल तर वरचा त्रास तुम्हाला होणारच नाही. पण नकाशा दुसऱ्याच्या टेबलावर जाणार असेल, मग ते टेबल सिव्हिल लाइन्समधलं असो की तालुक्याचं, तर एलटीआरच घ्या असं सुचवीन.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात, मीही ठेवतो. फक्त दोन्ही आवृत्त्या क्यूजीआयएस ३ च्याच असतील तर त्या एरवी एकच यूझर प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज आणि प्लगइन ठेवायची जागा, वापरतात. ताज्या आवृत्तीत प्लगइन अपडेट केली की तीच प्रत एलटीआरलाही लागू होते आणि तिथे कधी कधी चालत नाही. म्हणून सेटिंग्ज मेनूतून ताज्या आवृत्तीसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि ती त्यातूनच उघडा. एलटीआर बदलायची वेळ येईल तेव्हा नवी घालायला हरकत नाही, पण हातातलं काम छापून जाईपर्यंत जुनी काढू नका. तिचा इन्स्टॉलरही जपून ठेवा, कारण जुनी फाईल दुरुस्तीसाठी परत आली तर ती त्याच आवृत्तीत उघडायला बरी पडते.