व्हिएन्ना की दिल्ली? राजदूत घडवणाऱ्या दोन शाळा

व्हिएन्नाची डिप्लोमॅटिक अकादमी १७५४ सालची. सम्राज्ञी मारिया तेरेसाने ती काढली, कारण शेजारी तुर्कांची सत्ता होती आणि दरवेळी परक्या दुभाष्यावर विसंबणं परवडत नव्हतं. म्हणून पोरांना लहानपणापासून तुर्की, अरबी, फारसी शिकवायची. नावही ‘ओरिएंटल अकादमी’. पुढे साम्राज्य गेलं, नाझी आले, संस्था बंद पडली. १९६४ मध्ये आजच्या नावाने पुन्हा उघडली.

दिल्लीची संस्था त्या मानाने तरुण. परराष्ट्र सेवा १९४६ ची, प्रशिक्षण संस्था मात्र १९८६ ची! म्हणजे १९८३ च्या तुकडीतले आपले कोल्हापूरकडचे मुत्सद्दी ज्ञानेश्वर मुळे सेवेत आले, तेव्हा ती नव्हतीच. २०२० पासून तिला सुषमा स्वराज यांचं नाव आहे.

खरा फरक दारातच कळतो. दिल्लीत यूपीएससी पास होऊन, मसुरीच्या प्रशासकीय अकादमीतला पायाभूत अभ्यासक्रम उरकून मंडळी येतात. नोकरी आधीच हातात असते. व्हिएन्नात फी भरून देशोदेशीचे विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षण घेतात, नोकरीची हमी नाही. दिल्लीतही परदेशी मुत्सद्द्यांसाठी वेगळे वर्ग भरतात, पण ते पाहुणे.

भाषेचं म्हणाल तर मला दिल्लीची रीत जास्त पटते. इथून निघालेला अधिकारी नेमून दिलेली भाषा बहुधा त्या मुलखात राहूनच शिकतो. जपानी मिळाली तर टोकियोत, भाजी घेताना चुकत चुकत.