अश्वगंधा, शिरोधारा आणि काशाची वाटी: गणपतीपासून वैशाखापर्यंतचा अनुभव

आधी मला काय होत होतं ते सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. वय सत्तेचाळीस, पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. पहाटे तीनच्या आसपास खाडकन जाग यायची, छातीत धडधड, आणि मग सकाळपर्यंत डोक्यात जीएसटीचे आकडे. थायरॉईड, हिमोग्लोबिन, ईसीजी सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेचा विकार आहे असं सांगून सकाळची एक गोळी सुरू केली. ती अजून चालू आहे. म्हणजे पुढे जे लिहितेय ते सगळं त्या गोळीच्या जोडीने केलेलं आहे. ‘आयुर्वेदाने गोळी सुटली’ असली गोष्ट ऐकायला आला असाल तर ती माझ्याकडे नाही.

वैद्य ओळखीतून मिळाल्या. पहिल्या भेटीत जवळजवळ तासभर बोलणं झालं आणि त्यातलं अर्धं पोटावर होतं. साफ होतं का, कधी होतं, रात्री कितीला जेवता, जेवल्यावर लगेच आडव्या होता का, चहा किती. मी झोपेसाठी आले होते, त्यामुळे जरा वैताग आला. पण ‘वात वाढलाय’ म्हणून पुड्या बांधून वाटेला लावलं नाही, हे मला आवडलं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांची फाईल नीट वाचली, गोळीचं नाव आणि मात्रा लिहून घेतली, आणि माझं औषध तिकडे दाखवून मगच सुरू करा म्हणाल्या. तुमचे वैद्य हे विचारत नसतील तर वैद्य बदला.

मी एकच अट घातली होती, फक्त काष्ठौषधी म्हणजे वनस्पतींची औषधं द्या, धातू-खनिजं जाळून केलेली भस्मं नकोत. त्याला कारण आहे. 2008 साली अमेरिकेत एक तपासणी प्रसिद्ध झाली होती. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. भस्म नीट सिद्ध केलेलं असेल तर चालतं, असं वैद्य सांगतात. असेल. पण ते नीट सिद्ध केलंय की नाही हे मी घरी बसून कसं ओळखणार?

तर अश्वगंधा. सुरुवातीला मुळांचं चूर्ण, रात्री कोमट दुधात. पहिला आठवडा वाईट गेला. चूर्ण दुधात विरघळत नाही, गुठळ्या वर तरंगतात, शेवटचा घोट म्हणजे निव्वळ चिखल. वासाबद्दल बोलायलाच नको. वर पोट जड आणि दोनदा जुलाब. मग त्यांनी क्षीरपाक करायला सांगितला: एक भाग चूर्ण, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. सुरुवातीला अर्धा चमचा चूर्ण घ्यायचे. बत्तीस भाग पाणी आटवायला रात्री गॅसपुढे उभं राहावं लागतं, पण पोटाची तक्रार थांबली ती थांबलीच. गाळून घेतलं की गुठळ्याही नाहीत. शेवटी चिमूटभर वेलची टाकायची सूट मी स्वतःच घेतली.

गुण आला का? आला, पण हळू, आणि ज्याचं कौतुक करावं असा नाही. दसऱ्यानंतर कधीतरी लक्षात आलं की तीनची जाग येते खरी, पण कूस बदलून परत झोप लागते. धडधड कमी झाली. दिवसाची काळजी मात्र होती तेवढीच. 2012 साली प्रसिद्ध झालेला हैदराबादचा एक अभ्यास अश्वगंधेच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतो. 64 लोक, 60 दिवस, 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, आणि ताणाच्या प्रश्नावलीतले गुण व रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, दोन्ही खाली. जाहिरातीत सांगत नाहीत ते हे की ती कॅप्सूल मुळाच्या दाट अर्काची होती. घरचं चूर्ण आणि तो अर्क एका मापाने मोजता येत नाहीत. आणि हल्ली जेलीच्या गोळ्यांच्या बाटलीवर ‘स्ट्रेस’ लिहून जे विकतात, त्यात मूळ किती नि साखर किती हे एकदा लेबलावर बघाच.

दुसरी बाजूही सांगते. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी मला जरा जास्तच वाटते, पण मी सुरू करण्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा लिव्हरची तपासणी करून घेतली. दोन्ही वेळा ठीक. माझ्या धाकट्या जावेला थायरॉईडची गोळी चालू आहे, तिला ‘मलाही दे ना तुझं चूर्ण’ असं झालं होतं. वैद्यबाईंनी साफ नाही सांगितलं. अश्वगंधेने थायरॉईडचं प्रमाण वर जाऊ शकतं, आधी रिपोर्ट आणा म्हणाल्या. गर्भारपणातही नको.

ब्राह्मीबद्दल थोडक्यात. ती असलेलं सारस्वतारिष्ट घेतलं, मला काही फरक जाणवला नाही. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेलं मद्य असतं, झोपेची किंवा शांत करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा. बंद केलं.

शिरोधारा हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात सुखाचा भाग. डिसेंबरात सलग सात दिवस, एका वेलनेस सेंटरमध्ये, दिवसाला पंधराशे रुपये. डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या कापसाच्या घड्या, कानांत बोळे, वर टांगलेल्या धारापात्रातून वातीवरून कोमट तेल कपाळावर. पहिली पाच मिनिटं मी फक्त तेल कानात जातंय का याचाच विचार करत होते. मग कधी डोळा लागला कळलं नाही. त्या सात रात्री मी सरळ सहाला उठले. तिसऱ्या दिवशी मात्र तेलाला किंचित शिळा वास आला. विचारलं तर उत्तर ‘मॅडम, गरम करतो ना’. रोज नवं तेल घेता की तेच, आणि माझं तेल दुसऱ्या कुणाला वापरता का, हे पैसे भरायच्या आधी विचारायचे प्रश्न आहेत. डोक्यातलं तेल बेसनानेही दोन धुण्यांशिवाय जात नाही, आणि त्या अवस्थेत थंडीत रिक्षाने घरी येणं म्हणजे सर्दीला आमंत्रण. रुमाल बांधा.

शिरोधारेचा परिणाम किती टिकला? आठवडाभर, फार तर दहा दिवस. दहा हजारांच्या वर खर्च करून दहा दिवसांची झोप. रास्ता पेठेतल्या ताराचंद रुग्णालयासारख्या, आयुर्वेद महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत पंचकर्म विभाग असतात. परत करायची झाली तर तिथे चौकशी करीन.

आणि आता ज्याला काहीच खर्च आला नाही ते. काशाची वाटी सासूबाईंच्या रुखवतातली, वर्षानुवर्षं माळ्यावर. रात्री पाट घ्यायचा, खाली जुना पेपर, तळपायाला साजूक तूप, आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत घासायचं. दोन-तीन मिनिटांत तूप राखाडी होतं, मग काळंभोर. सासूबाई म्हणतात, ‘बघ केवढी उष्णता निघाली!’ काळं येतं ते घासल्या गेलेल्या काशाचं, तांबं आणि कथील. हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं, परत सांगणार नाही. कारण उष्णता निघो न निघो, डोळे जड होतात हे खरं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांना विशेष तेल लावा असंच सांगितलंय. आमच्याकडे वाटी बहुतेक वेळा नवरा घासतो. दहा मिनिटं दोघांच्याही हातात फोन नसतो, तुपकट हाताने धरणार कसा? झोप वाटीने येते की या दहा मिनिटांनी, मला वेगळं करून सांगता येणार नाही. नंतर पाय पुसून जुने मोजे घाला, नाहीतर फरशीवर घसराल आणि चादरीवरचे डाग निघत नाहीत.

सगळ्यात जड गेलं ते पथ्य. जेवण साडेसातला, संध्याकाळनंतर चहा नाही, जेवल्यावर ऑफिसचा मेल आणि बातम्या बंद. चरकाने उपचाराचे तीन प्रकार सांगितलेत, त्यातला तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून आवरणं. ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जाणं. मार्चअखेर हे सगळं कोलमडलं. रात्री दहाला जेवण, पाच-पाच चहा, आणि अश्वगंधा रोज चालू असूनही तीनची जाग ठरल्या वेळी हजर. एप्रिलमध्ये वेळा परत बसवल्या, आठवड्याभरात जाग गेली. म्हणून मला कुणी विचारलं तर चूर्णापेक्षा साडेसातच्या जेवणाला मी वरचा नंबर देईन. अर्थात मधे मुलाची बारावी संपली, घरातला तो ताणही गेला. त्याचं श्रेय कशाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

जानेवारीत बरं वाटायला लागल्यावर नात्यातल्या दोघातिघांनी ‘आता ती इंग्रजी गोळी सोड’ असं सुचवलं. मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं, ते म्हणाले निदान वर्ष होऊ दे, मग हळूहळू कमी करू. वैद्यबाईंचंही तेच मत. अचानक सोडली तर चक्कर, अस्वस्थता, आणि मूळ दुखणं परत, असं दोघांनीही बजावलं. माझा त्रास मधल्या पायरीवरचा होता, हेही लक्षात घ्या. जगणंच नको वाटत असेल, तर काढे-धारांत वेळ घालवू नका. थेट डॉक्टर गाठा, किंवा सरकारची टेलिमानस लाइन आहे, 14416, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

सध्या अश्वगंधा बंद आहे. उष्ण पडते म्हणून वैद्यबाईंनी उन्हाळ्यात थांबवायला सांगितली, चैत्रात तोंड यायला लागलंच होतं. पावसाळा सरला की परत लिव्हरची तपासणी करून मग ठरवायचं. तोवर वाटी आणि साडेसातचं जेवण चालू आहे, लग्नाची आमंत्रणं सोडून.