खरखरीत अक्षरांचा संच: ‘म’ शिकवून बघितला

मी बालवाडीची ताई. अक्षरओळखीचं साहित्य सतत हाताखालून जातं आणि त्यातलं बरंचसं दिसायला देखणं, पण मुलांच्या हातांना काहीच काम न देणारं असतं. हा संच तसा नाही. गुळगुळीत लाकडी पाट्या आणि प्रत्येकीवर बारीक पॉलिश पेपर कापून चिकटवलेलं एक अक्षर. स्वर निळ्या पाट्यांवर, व्यंजनं गुलाबी. मूळ कल्पना मारिया मॉन्टेसरींची; १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा सुरू केली, तिथल्या कामातून ही अक्षरं पुढे आली. मूल दोन बोटं अक्षरावरून फिरवतं आणि तोंडाने उच्चार करतं. बोट घसरलं की लाकूड गुळगुळीत लागतं, चूक त्याची त्यालाच कळते. संच घ्यावा तो एवढ्यासाठी.

खोक्यात पाट्या अ ते ज्ञ अशा लावलेल्या येतात. त्या क्रमाने शिकवू नका. मी ग, म, भ, न आधी काढते, कारण त्यांचे आकार एकमेकांजवळचे आहेत आणि मुलांच्या नावांत, रोजच्या बोलण्यात ते सारखे येतात. त्यातही म आणि भ एकाच दिवशी समोर ठेवत नाही. भची शिरोरेषा तुटकी, मची अखंड, हा फरक चार वर्षांच्या डोळ्यांना लगेच दिसत नाही. म पक्का झाला की मगच भ.

म तर खेळायला फार छान अक्षर आहे. पाटी दाखवण्याआधी मी मुलांना ओठ मिटून ‘म्म्म्म’ करायला लावते. मग म्हणते, आता नाक धरा! आवाज बंद. सगळी खिदळतात, पुन्हा पुन्हा करतात. नंतर नाक धरून ‘प’ म्हणायला सांगते, तो मात्र व्यवस्थित येतो. आवाज कुठून निघतो हे मुलांना स्वतःच्या चेहऱ्यावरच सापडतं. हा खेळ संचासोबतच्या पुस्तिकेत नाही, तो असायला हवा होता.

पुस्तिकेतला पिशवीचा खेळ मात्र उत्तम. मणी, मोजा, मासा, मेणबत्ती अशा वस्तू एका पिशवीत घालायच्या, त्यात एखादी वेगळी. मी मुद्दाम चमचा घातला. एका मुलीने तो काढला, बाजूला ठेवायला गेली आणि थबकली. ‘च... म... चा. ताई, आहे की मधे!’ सुरुवातीच्या आवाजावर थांबणाऱ्या मुलांना पुढे न्यायला असा एक चमचा पुरतो.

‘हा म’, ‘म कुठला?’, ‘हा कुठला?’ हे तीन टप्पे पुस्तिकेत दिलेत; ते एद्वार सेगँ या फ्रेंच डॉक्टरांच्या पद्धतीवरून आले. तिसऱ्याची घाई करू नका. दुसऱ्यातच रमा: म दाराशी ठेवून ये, म पाठीमागे लपव, म मैत्रिणीला दे.

आता तक्रारी. पाटीवर सुरुवात कुठून करायची त्याची खूण नाही. शिरोरेषाही तितकीच खरखरीत, त्यामुळे मुलांचं बोट आधी तिकडेच धावतं. आपण अक्षराचा आकार, मग दांडी आणि शेवटी शिरोरेषा काढतो. मी सुरुवातीच्या जागेजवळ लाल टिकली चिकटवली, तेवढ्याने निभावतं. ल दांडीचा दिलाय, मराठी पाकळीचा नाही. मुलं भोवताली वाचतात तो पाकळीचा, त्यामुळे ती पाटी मी वापरतच नाही. चित्रकार्डं सुमार आहेत. मगरीला सगळी मुलं पाल म्हणतात.

पाट्या ओल्या फडक्याने पुसू नका, कागद सुटतो. कोरडा मऊ ब्रश बरा.

घरी एकटंच मूल असेल तर अख्खा संच लागेलच असं नाही. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरचं एक अक्षर कापून चिकटवलं तरी हा अनुभव मिळतो. पण गटाला शिकवणाऱ्या ताईंनी जरूर घ्यावा, कारण रोज एवढ्या हातांतून फिरायला लाकडी पाटीच हवी. सुरुवातीचा ठिपका आणि पाकळीचा ल पुढच्या वेळी आला, तर मी आणखी एक संच घेईन.