प्रकाशावर चालणारं मनगटी घड्याळ: कित्येक महिने वापरल्यानंतर

माझा जवळपास सगळा दिवस खोलीतल्या एलईडीखाली जातो. त्यामुळे घेताना एकच धाकधूक होती: ऊन न मिळता हे चालेल का? चाललं. रोज हातात असताना एकदाही बंद पडलेलं नाही, आणि याचं श्रेय तबकडीखालच्या सौर सेलच्या पातळ थराला जातं.

छतावरच्या सौर पॅनेलमध्ये बहुधा स्फटिकी सिलिकॉन असतं. ते सुमारे 1100 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वापरतं. उन्हात हे फायद्याचं, पण एलईडीच्या उजेडात अवरक्त भाग जवळपास नसतोच. या घड्याळात आहे अस्फटिकी सिलिकॉन. त्याचा बँड गॅप, म्हणजे वीज तयार व्हायला प्रकाशाच्या कणात लागणारी किमान ऊर्जा, 1.7 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, त्यामुळे त्याचा प्रतिसाद मुख्यतः दृश्य प्रकाशालाच. कॅल्क्युलेटरवरची ती तपकिरी पट्टीही याचीच. घरातल्या उजेडासाठी याहून शहाणी निवड मला तरी सुचत नाही.

तरी ऊन ते ऊन. टेबलावर साधारण 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, भर उन्हात लाखाच्या घरात. म्हणून अधूनमधून घड्याळ खिडकीत ठेवतो, पण तापू देत नाही. आतल्या रिचार्जेबल सेलला उष्णता मानवत नाही. लांब बाह्यांखाली घड्याळ सतत झाकलं जात असेल तर ही सवय हवीच. मुद्दाम खणात ठेवून पाहिलं, तेव्हा चार्ज उतरल्यावर सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला. ही सूचना मला फार आवडली.

दिव्याखाली तबकडी तिरकी धरली की तिच्या आडून सौर सेलच्या विभागणीच्या बारीक रेषा दिसतात. उजेड खाली पोचायचा तर तबकडी थोडी पारदर्शक हवीच, त्यामुळे पांढरा रंग जरा मळकट वाटतो. मला चालतो.

काट्यांवरचा लेप हे वेगळंच प्रकरण. त्यात स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आहे: निळा आणि अतिनील प्रकाश साठवायचा, मग 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड सावकाश सोडायचा. जाहिरातीतला लखलखाट काही मिनिटांचाच. पण पहाटे जाग आल्यावर वेळ स्पष्ट वाचता येते, कारण अंधारात अर्धा तास गेला की डोळ्यांतल्या दंडपेशी, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी, पूर्ण जाग्या झालेल्या असतात आणि त्या 500 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. लेपाचा रंग आणि आपला डोळा इतके जुळलेले आहेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तक्रार एकच, पण खरी. किती चार्ज उरलाय ते कळत नाही. उड्या सुरू होईपर्यंत अंदाजच बांधायचा.

आणि दुरुस्तीला देताना एक लक्षात ठेवा: आत त्याच प्रकारचा रिचार्जेबल सेलच बसवून घ्या. साधा सिल्व्हर ऑक्साइड सेल दिसायला तसाच असतो, पण तो चार्ज व्हायला बनवलेलाच नाही. गळला तर आतली यंत्रणा खराब होते.