ग्राउंड प्लेन, स्लिम जिम की डायपोल: पहिला अँटेना कोणता करायचा?

हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स आलं, हँडी म्हणजे हातातला छोटा रेडिओ घेतला, पण त्याच्यासोबतच्या छोट्या रबरी अँटेनावर (रबर डक) घरातून कुणालाच ऐकू जात नाही, आणि मग लोक महागडा रेडिओ बघायला लागतात. आधी अँटेना करा हो! घरी होण्यासारखे तीन प्रकार आहेत, आणि तुमच्याकडे मोकळी जागा कुठे आहे यावरच सगळं ठरतं.

२ मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) सगळ्यात सोपा ग्राउंड प्लेन. केबल जोडायचं एक एसओ-२३९ सॉकेट घ्यायचं, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतं, मधल्या पिनला साधारण ४९ सेंमीची उभी तांब्याची तार सोल्डर करायची आणि चार कोपऱ्यांच्या भोकांना ५१-५२ सेंमीच्या चार तारा, म्हणजे रेडियल. या चार तारा ४५ अंशात खाली वाकवायच्या, कारण आडव्या ठेवल्या तर इम्पिडन्स (अँटेनाचा विद्युत रोध) ३५ ओहमच्या आसपास राहतो आणि वाकवल्या की रेडिओला हव्या असलेल्या ५० कडे सरकतो. तार थोडी लांबच कापा, मग एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळलाय त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) बघत पाच-पाच मिलिमीटर छाटत जा. कमी करता येते, वाढवता येत नाही.

स्लिम जिम जुन्या टीव्हीच्या ३०० ओहमच्या चपट्या फीडरमधून होतो, दीड मीटरची पट्टी, गुंडाळून बॅगेत टाकता येते. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं नसेल तर दोरीने टांगायला हाच बरा, रेडियल वगैरे भानगड नाही. पण कोॲक्स, म्हणजे रेडिओकडे जाणारी केबल, नेमका कुठे जोडायचा ती जागा मिलिमीटरने शोधावी लागते, आणि खिडकीच्या लोखंडी ग्रिलला खेटून लावलात तर ट्यूनिंग पार बिघडतं. जवळ नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) किंवा एसडब्ल्यूआर मीटर नसेल तर पहिलाच अँटेना म्हणून हा करू नका असं माझं स्पष्ट मत.

डायपोल वेगळ्याच कामाचा. ४० मीटर बँडला, ७.१ मेगाहर्ट्झ धरलं तर १४२.५ (अर्ध्या तरंगलांबीच्या तारेसाठीचा ठरलेला आकडा) भागिले ७.१, म्हणजे २० मीटर तार, मधे तोडून दोन्हीकडे दहा-दहा. मधला भाग बांबूवर उंच, टोकं खाली तिरकी, झाला इन्व्हर्टेड व्ही. फार उंच नसला तरी दिवसा दोन-चारशे किलोमीटरवरची स्टेशनं छान येतात, तो आनंद २ मीटरच्या रिपीटरवर (सिग्नल उचलून पुढे पाठवणारं स्टेशन) नाही. पण गच्ची हवी, सोसायटीची परवानगी हवी आणि एचएफ रिग, म्हणजे ४० मीटरसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या बँडवर चालणारा रेडिओ हवा, खरा खर्च तिथेच आहे, तारेचा नाही.

केबलकडे सगळे दुर्लक्ष करतात. आरजी-५८ या बारीक कोॲक्सचा १५ मीटरचा तुकडा १४५ मेगाहर्ट्झला जवळपास निम्मी पॉवर खातो, ७ मेगाहर्ट्झला तोच तुकडा आरामात चालतो. म्हणून ग्राउंड प्लेन उंच नेताना केबल शक्य तितकी आखूड ठेवा, नाहीतर जाड आरजी-२१३ घ्या.

तर फक्त हँडी असेल आणि बाल्कनीबाहेर काठी काढता येत असेल तर डोळे झाकून ग्राउंड प्लेन करा, रिपीटर तर मिळेलच, शिवाय स्पेस स्टेशन डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर काही चालू असेल तर तेही ऐकू येतं. गच्ची आणि एचएफ रिग दोन्ही असेल तर थेट डायपोल. कुठलाही केलात तरी विजेच्या तारांपासून लांब, म्हणजे अँटेना पडला तरी तारेवर पडणार नाही इतका लांब लावा, आणि वळवाचे ढग दिसले की कोॲक्स रेडिओतून काढून ठेवा.