पाणी सगळ्या पात्याला की फक्त धारेला? पहिली काताना घेताना

तामेशिगिरी म्हणजे काताना या लांब जपानी तलवारीने खरोखर काहीतरी कापून बघण्याचा सराव. हल्ली बहुतेक ठिकाणी इगुसा गवताची, म्हणजे तातामीवर, जपानी घरात जमिनीवर अंथरतात त्या जाड गादीवर, वरून घालतात ती, चटई कापतात. ती गुंडाळून बांधायची, रात्रभर पाण्यात बुडवायची आणि उभी करून निथळत ठेवायची. सकाळी तिला पहिल्या पावसात भिजलेल्या गंजीसारखा वास येतो. मग ती लाकडी खुंटीवर रोवायची आणि खांद्यावरून तिरका वार काढायचा.

या कामाला काय चालत नाही ते आधी सांगतो. इआइतो चालत नाही. ती जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, तिला धार नसते आणि ती फक्त हवेत फिरवायची. भिंतीवर टांगायची स्टेनलेसची तलवार तर हातातही धरू नका. तिच्या मुठीत पात्याची जी शेपटी जाते ती बऱ्याचदा सळईएवढी बारीक असते. चटईवर आपटल्यावर पातं कुठे उडेल सांगता येत नाही.

मग खरा प्रश्न दोनच प्रकारांत उरतो, आणि तो पोलादापेक्षा पाण्याचा आहे. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो, तेच पाणी.

पहिल्या प्रकारात सगळ्या पात्याला सारखं पाणी दिलेलं असतं. त्यासाठी बहुधा 1060 पोलाद, म्हणजे 0.6 टक्के कार्बन, किंवा सिलिकॉन घातलेलं 9260 हे स्प्रिंगचं पोलाद वापरतात. वार वाकडा गेला तरी पातं लवतं आणि परत सरळ होतं. दुसऱ्या प्रकारात पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेवर पातळ, आणि मग तापवून पाण्यात बुडवतात. धार काचेसारखी कडक होते, रॉकवेल मापात 60 च्या आसपास, आणि पाठ मऊ राहते, 40 च्या आसपास. दोन्हींच्या सीमेवर जी धुरकट लाट दिसते ती हामोन. 1095 किंवा टी10 पोलादाची अशी पाती देखणी असतात, यात वाद नाही. मात्र स्वस्त तलवारीवरचा हामोन पुष्कळदा ॲसिडने किंवा घासून काढलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा.

मी आधी दुसऱ्या प्रकारातली घेतली, हामोनवर भाळून. तिसऱ्या की चौथ्या गुंडाळीला धारेची दिशा आणि वाराची दिशा जुळली नाही. जपानीत याला हासुजी चुकणं म्हणतात. पातं दोन तृतीयांश आत गेलं आणि अडकलं. ओढून काढलं तेव्हा काही दिसलं नाही. म्यानात घालताना शेवटची चार बोटं आत जाईनात, तेव्हा कळलं की पातं वाकलंय. मऊ पाठ वाकते आणि तशीच राहते. सरळ करता येतं, पण जाणत्या हाताने. त्या दिवशी हातात पहिला प्रकार असता तर चटई तेवढी वाया गेली असती.

म्हणून माझं मत सरळ आहे: पहिली तलवार सरसकट पाणी दिलेलीच घ्या. धार थोडी लवकर बोथट होते, ती पुन्हा लावता येते. हासुजी हातात बसली की हामोनवाली घ्या, तेव्हा तिची कडक धार खरंच सुख देते.

आकारातही दोन वाटा आहेत. रुंद आणि चपट्या बाजूंचं पातं ओल्या चटईतून लोण्यातून गेल्यासारखं जातं, पण बांबूवर त्याची धार चटकन खांडते. बाजूंना थोडा फुगार, म्हणजे निकू, असेल तर दोन्ही झेपतं. पाठीलगतची पन्हळ, बोही, वार बरोबर लागला की शीळ घालते आणि वजन कमी करते. सरावाला मजा येते, पण कापायला बिनपन्हळीचं पातं जास्त सोसतं. लांबी शाकूत मोजतात. 1 शाकू म्हणजे 30.3 सेंटिमीटर. साधारण 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 2.4 शाकू, म्हणजे 73 सेंटिमीटरच्या आसपास, बरं पडतं.

अस्सल जपानी तलवारीचं काय? शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे 1977 मध्ये पुन्हा पेटवलेल्या भट्टीतलं तामाहागाने पोलाद, परवानाधारक लोहार आणि त्यालाही महिन्याला दोनच लांब तलवारी करायची मुभा. किंमत लाखो येनांत. शिकाऊ हाताने तिच्यावर चटई कापायला मी धजणार नाही.

टोकियो-नागोयात राहणाऱ्यांना मात्र वरची तुलना तितकी लागू नाही. वरच्या दोन प्रकारांतलं, चीनमधल्या लोंगच्वानसारख्या ठिकाणी बनलेलं पोलादी धारदार पातं जपानमध्ये बाळगता येत नाही. तिथे पारंपरिक जपानी पद्धतीने घडवलेल्या, शिक्षण मंडळाकडे नोंद झालेल्या तलवारीच चालतात. भारतात मागवायची तर 1959 चा शस्त्र अधिनियम आहे. पैसे भरण्याआधी परवान्याची चौकशी करा, कस्टममध्ये पार्सल अडकल्यावर नाही.

आणि पोलादावर तासभर वाद घालणारे मुठीकडे बघतच नाहीत. पातं मुठीत धरून ठेवतात त्या बांबूच्या एक किंवा दोन खुंट्या, मेकुगी. नवी तलवार आली की मूठ धरून मनगटावर हलकेच थापट मारा. आत काही खडखडलं किंवा त्सुबा, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली चकती, हलली, तर त्या दिवशी कापायचं नाही. मेकुगी काढून बघा, दबलेली किंवा चिरलेली असेल तर बदला. सुक्या बांबूच्या दोन जास्तीच्या खुंट्या माझ्या पिशवीत कायम असतात.