रहस्यकथा लिहिताय? अप्पा बळवंत चौकातून ही दोन पुस्तकं आणा

मराठी रहस्यकथेतला इन्स्पेक्टर रुमालाने पिस्तूल उचलतो, प्रेताकडे एक नजर टाकून "रात्री सव्वाअकराला खून झालाय" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विषाचं नाव त्याच्या टेबलावर असतं. प्रत्यक्षात यातलं काहीच असं घडत नाही. जे घडतं ते कथेला कितीतरी जास्त उपयोगी आहे, आणि ते दोन पुस्तकांत मिळतं: नव्या तीन फौजदारी कायद्यांचा एकत्र बेअर ॲक्ट (म्हणजे भाष्य नसलेला कायद्याचा नुसता मूळ मजकूर) आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचं न्यायवैद्यकशास्त्राचं पाठ्यपुस्तक. दोन्ही पुण्यात पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात मिळतात.

आधी बेअर ॲक्ट. घेताना जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता असलेलीच आवृत्ती मागा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. पुरावा नष्ट करणं २०१ चं २३८ झालं. तुमच्या कथेतला खून जून २०२४ मधला आणि प्रेत ऑगस्टमध्ये सापडलं, तर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेनुसार ३०२ चा लागेल, तपास मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालेल. तक्ता हाताशी नसेल तर इथे हमखास घसरायला होतं.

सगळ्यात जास्त कथा दडल्या आहेत त्या पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. त्यामुळे कोठडीत आरोपी रडत रडत सगळं सांगून टाकतो आणि प्रकरण संपतं, हा शेवट कायद्याने शेवटच नाही. चालतो तो एकच तुकडा: ज्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तेवढीच माहिती. आरोपी म्हणतो, "कोयता कॅनॉलच्या कडेला झुडपात लपवलाय, काढून देतो." हे दोन पंचांसमोर लिहून घेतात, त्यावर सह्या होतात, तो मेमोरंडम पंचनामा. मग पंचांना सोबत घेऊन आरोपी दाखवेल तिकडे जायचं आणि कोयता निघाला की तिथेच जप्तीचा पंचनामा. "त्याच कोयत्याने मारलं" हे वाक्य मात्र पुराव्यातून गळतं. जागा पोलिसांना आधीच माहीत होती असं उलटतपासणीत निघालं, तर या सगळ्या खटाटोपाला किंमत उरत नाही. वर्षभराने पंच फितूर होतो, हे वेगळंच. बदनाम झालेल्या "शेवटच्या प्रकरणातील कबुली"पेक्षा हा ताण कितीतरी खरा आहे.

नागरिक सुरक्षा संहितेतली चार कलमं खूण करून ठेवा. १०५: झडती आणि जप्तीचं चित्रीकरण, त्यासाठी मोबाइलही चालतो. १७६(३): सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं, याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. १८७: पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येते, म्हणजे येरवड्यात गेलेला आरोपी पुन्हा लॉकअपमध्ये येऊ शकतो. १९४: संशयास्पद मृत्यूचा इन्क्वेस्ट, म्हणजे प्रेताचा पंचनामा. सीसीटीव्ही फुटेज कथेत आणणार असाल तर साक्ष्य अधिनियमाचं ६३ वाचा. हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) दोन भागांचं प्रमाणपत्र नसेल तर पेनड्राइव्हवरचं फुटेज पुरावा म्हणून अडतं.

आता पाठ्यपुस्तक. हे सेकंडहँड घेतलंत तरी चालेल, पण २०२४ च्या आधीच्या आवृत्तीत कायद्याच्या प्रकरणातले सगळे आकडे जुने असतील. वैद्यकीय भाग टिकाऊ आहे. मृत्यूच्या वेळेचं प्रकरण आधी वाचा आणि आपल्या इन्स्पेक्टरकडून "सव्वाअकरा" काढून घ्या. मरणोत्तर ताठरता आपल्याकडे तासा-दोन तासांत दिसू लागते, नऊ ते बारा तासांत पूर्ण होते, उन्हाळ्यात १८ ते ३६ तास आणि थंडीत २४ ते ४८ तास टिकते. डॉक्टर देतो तो अंदाज असतो आणि तोही काही तासांच्या पट्ट्यात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असेल तर प्रेत थंड होतच नाही, म्हणजे शरीराच्या तापमानावरून वेळ काढणं तिथे संपलं. हे कथानकात वापरा.

व्हिसेराचं, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचं प्रकरण तर आम्ही प्रत्येक लेखकाला सक्तीचं करू. जठर त्यातल्या ऐवजासह, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंटिमीटर तुकडा, यकृताचा ५०० ग्रॅम, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. जतन करायला मिठाचं संपृक्त द्रावण. फॉर्मेलिन नाही, कारण त्याने ऊती घट्ट होतात आणि विष वेगळं काढणं अवघड जातं. बरणी दोन तृतीयांशच भरायची; कुजताना वायू होतो. नुसत्या द्रावणाचा, अवयव न घातलेला नमुना वेगळा, झाकणावर लाखेचं सील आणि सोबत सीलचा नमुना. शवविच्छेदन अहवालात त्या दिवशी "मत राखून ठेवले" एवढंच येतं. बरण्या ससूनहून गणेशखिंडच्या प्रयोगशाळेत जातात आणि सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) पुष्कळ उशिरा येतो. मधल्या काळात सील जुळलं नाही किंवा मुद्देमाल रजिस्टरमध्ये चार दिवसांची पोकळी निघाली, तर बचावाच्या वकिलाला हवं ते मिळालं.

रक्ताच्या कपड्यांचंही तसंच. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे. रुमालाने उचललेल्या शस्त्रावरचे ठसे पुसटतात. पुस्तकातली छायाचित्रं बघवत नाहीत आणि भाषा रुक्ष आहे, पण विषांची प्रकरणं लक्षण, काळ, नमुना अशा क्रमाने नीट मांडलेली असतात.

दोन्ही पुस्तकांत नाही ती पोलीस ठाण्याची बोली: ठाणे अंमलदार, स्टेशन डायरी, एडी (अकस्मात मृत्यूची नोंद), पीसीआर (पोलीस कोठडी), एमसीआर (न्यायालयीन कोठडी). त्यासाठी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरचे खुनाच्या अपिलांचे निकाल वाचा, फुकट आहेत. पंच आणि तपासी अंमलदार यांच्या साक्षींचा परामर्श घेणारे परिच्छेद वगळू नका. हद्दही तुम्हालाच तपासावी लागेल. हिंजवडीतला खून २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा, मुळशीतल्या पौडसारख्या गावातला पुणे ग्रामीणचा. तिथे पुणे शहर गुन्हे शाखेचा नायक थेट तपासाला पाठवू नका.